दोऱ्याचा गुंडा आणि आपला बांध

'दोरा गुंडाळून काचपेटीत ठेवला की झाली कला!' असं कुणी म्हटलं की आजूबाजूचे चार जण लगेच हसतात. मला ह्या हसण्याचा आता कंटाळा आलाय, म्हणून आज जरा भांडणार आहे.

ज्या गुंड्यावर हे हसणं चाललंय तो शिल्पा गुप्ता ह्यांचा. त्या मुंबईच्या, जन्म १९७६ चा, जे. जे. मध्ये शिल्पकला शिकलेल्या. कामाचं नाव '१:१४.९', साल २०११-१२. पॉलिएस्टरचा दोरा हाताने गुंडाळलेला, आणि सोबत आकडे. भारत-पाकिस्तान सीमेवरचं कुंपण २००७ अखेर ११८८.५ मैल, हा दोरा ७९.५ मैल. भागाकार करून बघा, नावाचा उलगडा होईल. ७९.५ मैल म्हणजे १२८ किलोमीटर. आमच्या ओझरहून पुण्याला जायचं आणि निम्मी वाट परत यायचं, एवढा दोरा! आणि मावतो कुठे, तर एका काचपेटीत. असे पंधरा गुंडे घेतले की ते कुंपण. भूगोलाच्या पुस्तकातला आकडा असा कधी हाताला लागत नाही. (मी कामं फोटोतच पाहिली आहेत. हसणाऱ्यांनी तेवढीही पाहिलेली नसतात.)

'पण हे खेड्यातल्या माणसाला काय कळणार?' हा दुसरा मुद्दा तर मला फारच झोंबतो. अहो, सीमा म्हणजे काय हे जुन्नर तालुक्यातल्या शेतकऱ्याला शिकवायचं? दरसाल नांगरताना एकेक तास बांध कोरायचा, मग मोजणी आणायची, मोजणीदाराने रोवलेला दगड रात्रीत चार बोटं सरकायचा... दीड हाताच्या बांधापायी सख्खे भाऊ दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, घरच्या लग्नाची पत्रिकासुद्धा देत नाहीत. अशा माणसापुढे तो गुंडा ठेवा आणि साध्या मराठीत आकडे सांगा. तो हसणार नाही.

गोची आहे ती समजावून सांगणाऱ्यांच्या भाषेत. 'बहुविद्याशाखीय कलाव्यवहारातून सीमा, द्रव्य आणि संवेदन यांची चिकित्सा'!! हे वाचून कोण शहाणा आत पाऊल टाकेल? आठवीच्या निबंधात असं वाक्य आलं असतं तर मी लाल शाईने समासात लिहिलं असतं, 'म्हणजे काय?' ह्या क्षेत्रात नुसता भपका करणारेही आहेत, नाही असं नाही. पण ही भाषा खऱ्यावर आणि भपक्यावर एकच गोणपाट टाकते. मग आत काय आहे ते बघणाऱ्याने ओळखायचं कसं?

त्यांचंच दुसरं काम, २००७-०८ चं. शंभर जणांना भारताचा नकाशा आठवणीने काढायला सांगितला, त्यांची वही केली आणि पुढे टेबलफॅन ठेवला. वाऱ्याने पानं उलटतात, देशाचा आकार दर पानाला बदलतो. साच्याशिवाय नकाशा काढणारी पोरं मी जन्मभर पाहिली. कुणाचं गुजरात हत्तीच्या कानाएवढं, कुणाची ईशान्येकडची राज्यं जागेअभावी गायब. आपण त्याचे मार्क कापतो आणि मोकळे होतो. खरं तर त्या कागदावर त्या पोराला कुठला भाग आपला वाटतो, कुठला त्याने कधी ऐकलाच नाही, हे स्पष्ट उतरलेलं असतं. 'ह्यात हाताचं कौशल्य काय?' म्हणणाऱ्याने एकदा कोरा कागद घ्यावा. कौशल्याचं मग बघू.

२०१९ मध्ये व्हेनिसला त्यांची कामं मांडली गेली. नारायणगावच्या एखाद्या शाळेत अशी वही मांडायला काय लागतं? एक टेबल, शंभर कागद, एक पंखा. विजेचा भरवसा नाही म्हणाल तर नसू दे. पंखा थांबला तर पोरं हाताने पानं उलटतील.