मतपेटीचा हक्क आणि भाकरीचा हक्क

६ ऑगस्ट १९६५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली. कृष्णवर्णीय नागरिकाला मतदारयादीबाहेर ठेवण्यासाठी दक्षिणेकडील राज्यांनी ज्या युक्त्या योजल्या होत्या, त्या या कायद्याने बेकायदा ठरल्या. ज्या राज्यांचा इतिहास काळाकुट्ट होता, त्यांनी निवडणुकीच्या नियमांत कोणताही बदल करण्यापूर्वी केंद्र सरकारची अथवा न्यायालयाची मंजुरी घेतलीच पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. हे बंधन म्हणजे त्या कायद्याचा कणा होता. २५ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा कणा मोडला. दक्षिण आता बदलली आहे, असे बहुमताचे म्हणणे पडले. दक्षिण किती बदलली होती हे त्याच दिवशी दिसले. निकालानंतर अवघ्या काही तासांत टेक्सासच्या सरकारने मतदारांच्या ओळखपत्रांसंबंधीचा आपला अडकून पडलेला कडक कायदा अमलात आणण्याची घोषणा केली.

जो हक्क मिळवण्यास शंभर वर्षे रक्त सांडावे लागले, तो अठ्ठेचाळीस वर्षांत असा पोखरला कसा गेला, हा प्रश्न केवळ अमेरिकन जनतेचा नाही. कायद्यातील समता आणि जीवनातील विषमता यांच्या दरीत उभ्या असलेल्या प्रत्येक देशातील श्रमिकांचा तो प्रश्न आहे, आणि म्हणून आपलाही आहे.

अमेरिकन यादवी युद्धानंतर १८६५ साली राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने कायद्यासमोर समता आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णनिरपेक्ष मताधिकार मान्य झाला. कागदावर पाहता आणखी काही मिळवायचे उरले नव्हते. परंतु मुक्त झालेल्या गुलामाला जमीन मिळाली नाही. ज्या मळ्यावर त्याच्या पाठीवर आसूड पडत होता, त्याच मळ्यावर तो वाट्याने जमीन कसणारे कूळ म्हणून परतला, आणि सावकाराच्या चोपडीने पूर्वीच्या बेडीची जागा घेतली. १८७७ साली उत्तरेच्या भांडवलदारांनी दक्षिणेच्या जमीनदारांशी तडजोड केली आणि केंद्राचे सैन्य मागे घेण्यात आले. सैन्य गेले तसे घटनादुरुस्त्यांचे संरक्षणही गेले.

मताधिकार हिरावून घेण्याचे काम लगोलग पुरे झाले नाही. ते १८९० नंतर पुरे झाले, आणि त्याचे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या दशकात कापसाच्या भावाने आणि कर्जाने पिचलेले गोरे व काळे शेतकरी काही ठिकाणी एकाच झेंड्याखाली येऊ लागले होते. मळेवाल्यांना या एकजुटीचे भय होते. मिसिसिपीने १८९० साली नवे राज्यविधान केले आणि इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. मत देण्यासाठी डोईपट्टी भरा, वाचनाची परीक्षा द्या, घटनेतील कलमाचा अर्थ अधिकाऱ्याचे समाधान होईल असा सांगा, अशा अटी आल्या. लुइझियानाने १८९८ साली आणखी एक कलम घातले. ज्याच्या बापाला वा आजाला १ जानेवारी १८६७ पूर्वी मताधिकार होता, त्याला परीक्षा माफ! त्या तारखेपूर्वी गुलामाच्या पोराच्या बापाला मताधिकार कोठून असणार? १८९६ साली लुइझियानाच्या याद्यांत १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार होते. १९०४ साली उरले १,३४२. एका शब्दानेही वर्णाचा उल्लेख न करता हे साधले. डोईपट्टीने असंख्य गरीब गोऱ्यांचीही मते गेली, पण त्यांच्या हाती गोरेपणाचा पोकळ अभिमान ठेवला गेला. वर्णद्वेष हा गरीब गोऱ्याला दिलेला असा पगार होता की, ज्याने त्याची चूल कधी पेटली नाही.

या अंधारातून वाट काढली ती कोणी? सरकारी पाठ्यपुस्तके न्यायमूर्तींच्या आणि अध्यक्षांच्या उदारतेची कथा सांगतात. इतिहास निराळे सांगतो. १९३१ साली अलाबामातील स्कॉट्सबरो येथे नऊ कृष्णवर्णीय मुलांवर खोट्या आरोपाखाली खटला चालवण्यात आला आणि त्यांपैकी आठ जणांना घाईघाईने मृत्युदंड ठोठावण्यात आला. तेव्हा त्यांची बाजू जगभर नेली ती कम्युनिस्टांच्या पुढाकाराने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कामगार संरक्षण संघटनेने. रेल्वेच्या शयनयानांतील कृष्णवर्णीय नोकरांच्या युनियनचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९४१ साली राजधानीवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा कोठे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगातील नोकरभरतीत वर्णभेद करण्यास मनाई करणारा हुकूम काढला. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी येथे रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि तेथील बसबहिष्कार ३८१ दिवस टिकला. त्याची सूत्रे प्रथम हलवणारे इ. डी. निक्सन हे त्याच रेल्वे युनियनचे कार्यकर्ते होते. आणि तो बहिष्कार टिकवला तो गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या, रोज मैलोगणती पायी चालणाऱ्या मोलकरणींनी. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन येथील सुमारे अडीच लाखांच्या मोर्चातील डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण सर्वांच्या स्मरणात आहे. पण तो मोर्चा ‘रोजगार आणि स्वातंत्र्य’ यांसाठी होता, आणि ताशी दोन डॉलर किमान वेतन ही त्याची एक मागणी होती, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

१९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा ही या लढ्याची फळे. त्यांची किंमत मोजली गेली होती. जून १९६४ मध्ये मिसिसिपीत मतदार नोंदणीच्या मोहिमेवर असलेल्या चेनी, गुडमन आणि श्वर्नर या तीन तरुणांचे, एका कृष्णवर्णीयाचे आणि दोन गोऱ्या ज्यूंचे, मुडदे पाडण्यात आले. ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथील पुलावर निःशस्त्र मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी सोट्यांनी झोडपले. फळही तसेच मोठे होते. कायद्यापूर्वी मिसिसिपीतील कृष्णवर्णीय प्रौढांपैकी जेमतेम ६.७ टक्क्यांची नावे यादीत होती. १९६७ साली ती ५९.८ टक्क्यांवर गेली. बूर्ज्वा लोकशाहीतील हक्कांना तुच्छ लेखणाऱ्यांनी हे आकडे नीट वाचावेत. कागदावरील हक्कही श्रमिकांच्या हाती आलेले शस्त्रच असते.

परंतु शस्त्र उचलण्यासाठी हातात बळ लागते, आणि ते पोटातून येते. १९३५ च्या कामगार संबंध कायद्याने युनियनचा हक्क दिला, पण शेतमजूर आणि घरकामगार यांना त्यातून वगळले. दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय याच दोन कामांत होते. कॅलिफोर्नियातील मेक्सिकन व फिलिपिनो मजूरही त्याच वगळणुकीचे बळी. म्हणूनच डेलानो येथील द्राक्षमळ्यांत सप्टेंबर १९६५ मध्ये फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला आणि सीझर चावेझ यांच्या नेतृत्वाखालील मेक्सिकन मजूर त्यात सामील झाले, तेव्हा मळेवाल्यांशी करार होण्यास १९७० साल उजाडावे लागले. कायदा त्यांच्या बाजूने नव्हता. होती ती दोन अल्पसंख्य समाजांतील मजुरांची एकजूट आणि देशभरच्या ग्राहकांचा बहिष्कार.

डॉ. किंग यांना हे उमगले होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये मेंफिस शहरात कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून दोन सफाई कामगार ठार झाले आणि सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ एवढेच त्यांच्या फलकांवर लिहिलेले होते. उपाहारगृहात बसण्याचा हक्क मिळाला, पण खाण्यापुरते पैसे खिशात नसतील तर त्या हक्काचे करायचे काय, असा सवाल किंग यांनी तेथे टाकला. कृष्णवर्णीय, आदिवासी, मेक्सिकन, प्वेर्तोरिकन आणि गोरे गरीब या सर्वांचा एक मोर्चा राजधानीवर नेण्याची तयारी ते करीत होते. ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांची हत्या झाली ती याच संपाच्या पाठिंब्यासाठी ते मेंफिसला आले असताना. १६ एप्रिलला संप जिंकला गेला. गरिबांची ती देशव्यापी आघाडी मात्र उभी राहू शकली नाही.

ती का राहिली नाही, याचे उत्तर केवळ सत्ताधाऱ्यांच्या दडपशाहीत शोधणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अमेरिकन कामगार चळवळीने स्वतःच्या घरात वर्णभेदाला दीर्घकाळ थारा दिला. अनेक जुन्या युनियनांनी कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारले अथवा त्यांच्यासाठी वेगळ्या शाखा काढल्या. जेथे डावे नेतृत्व होते तेथे ही भिंत पडत होती. पण शीतयुद्धाच्या उन्मादात १९४९-५० साली सी.आय.ओ. या कामगार महासंघाने डाव्या नेतृत्वाच्या अकरा युनियनांची हकालपट्टी केली. १९५० साली पॉल रोबसन यांचा पासपोर्ट रद्द झाला आणि तो मिळण्यास १९५८ साल उजाडले. कामगार चळवळ आणि नागरी हक्क चळवळ यांना जोडणारा दुवा असा ऐन मोक्याच्या वेळी तोडला गेला. कायदे झाले, पण त्यांचे रक्षण करणारी संघटित श्रमशक्ती दुभंगलेली राहिली. २०१३ च्या निकालाची बीजे येथे आहेत.

पुढे जे घडले ते जुन्याच धर्तीचे आहे. नॉर्थ कॅरोलिनाने २०१३ साली केलेला निवडणूक कायदा २०१६ मध्ये एका केंद्रीय अपील न्यायालयाला रद्द करावा लागला, कारण कृष्णवर्णीय मतदारांना नेमके टिपण्यासाठीच तो रचलेला होता. फ्लोरिडात शिक्षा भोगून आलेल्यांचा मताधिकार परत द्यावा, असा कौल २०१८ साली सुमारे ६५ टक्के मतदारांनी दिला. राज्य विधिमंडळाने पुढच्याच वर्षी अट घातली की, दंड व न्यायालयीन आकार पुरते फेडल्यावाचून मत नाही. १९६४ साली घटनादुरुस्तीने केंद्रीय निवडणुकांतून हद्दपार झालेली डोईपट्टी नवा सदरा घालून परत आली! मे २०२० मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि लाखो लोक, त्यांत असंख्य गोरे तरुणही, रस्त्यावर उतरले. तरीही पोलिसी सुधारणांचे विधेयक प्रतिनिधीगृहातून पुढे जाऊन सिनेटमध्ये अडकले.

या लढ्याशी आपले नाते जुने आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. १९४६ साली कृष्णवर्णीयांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघापुढे जात असल्याचे कळताच डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्मास आली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय ‘गोरे’ नाहीत म्हणून त्यांना नागरिकत्व नाकारले होते. आशियाई लोकांना अडवणारी राष्ट्रवार कोट्याची पद्धत १९६५ साली गेली ती नागरी हक्क चळवळीच्याच रेट्याने. तेथे सुखाने नांदणारी आपली मंडळी ज्या दारातून आत गेली, ते दार कृष्णवर्णीयांच्या लढ्याने उघडले आहे. तरीही पुण्यात जन्मलेल्या समाजवादी नगरसेविका क्षमा सावंत यांच्या पुढाकाराने सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी केली, तेव्हा तिला विरोध करण्यात भारतीयांच्याच काही संघटना आघाडीवर होत्या. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तसेच विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी परत पाठवले.

मात्र त्यांच्याकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगार त्या विटाळास तयार नसत. १९२८ च्या संपात हा प्रश्न मागण्यांत घ्यावा म्हणून डॉ. आंबेडकरांना आग्रह धरावा लागला. ज्या चळवळीने तो आपण होऊन सर्वप्रथम हाती घ्यायला हवा होता, ती लाल बावट्याची होती. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी दिलेला इशाराही, राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांची विसंगती फार काळ टिकवली तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल हा, तितकाच खरा आहे.

तेव्हा अमेरिकेच्या अनुभवातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे. कायदेशीर समता ही शासनकर्त्यांची देणगी नव्हे. ती संघटित जनतेने हिसकावून घेतलेली चौकी आहे, आणि पहारा ढिला पडताच ती परत जाते. हा पहारा एकट्या पीडित समाजाने द्यावा असे म्हणणे म्हणजे पराभव पत्करणे होय. तो साऱ्या श्रमिक वर्गाचा पहारा असला पाहिजे. वर्णाचा, जातीचा, धर्माचा प्रश्न ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूला सारणारी युनियन उद्याच्या फुटीची सोय आज करून ठेवते. आपल्या प्रत्येक युनियनमध्ये, किसान शाखेत आणि पक्षशाखेत कामाच्या वाटणीपासून नेतृत्वापर्यंत जातीची भिंत कोठे उभी आहे, याचा झाडा सभासदांनी स्वतः घ्यावा. मेंफिसच्या त्या फलकावरील शब्द आपल्या शहरांतील गटारांत उतरणारा सफाई कामगार आजही उच्चारतो आहे. त्याच्या शेजारी कोण उभे राहते, यावरच आपल्या आंतरराष्ट्रीयतेची कसोटी लागणार आहे.