कोर्स इंग्रजीत आहे, गाव नाही

परदेशी शिकणाऱ्या मुलांचे अनुभव म्हटले की आपल्याकडे दोनच प्रकार चालतात. एक, बर्फातले फोटो. दुसरा, पहिल्यांदा पोळी लाटली तेव्हा कुठल्या देशाचा नकाशा झाला त्याची गोष्ट. दोन्ही माझ्याकडेही आहेत. पण जर्मनीत माग्डेबुर्गला दोन वर्षं काढल्यावर माझं एक ठाम मत झालंय. बडोदा, इंदूर, बेळगावकडच्या आपल्या आईवडिलांना ते थोडं टोचेल. मुलांना जर्मन न शिकवता जर्मनीला पाठवू नका.

"अगं, पण कोर्स तर इंग्रजीत आहे ना?" हे मला निदान दहा काकूंनी विचारलंय. हो, कोर्स इंग्रजीत आहे. पण भाडेकरार, डॉक्टरकडचा फोन, कचरा कुठल्या रंगाच्या डब्यात टाकायचा याची जिन्यातली पाटी, सगळं जर्मनमध्ये. आणि टपाल! हा देश अजून कागदी पत्रांवर चालतो. तिथे रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घरामागे महिना १८.३६ युरो असते, घरात टीव्ही असो वा नसो. शेजारच्या फ्लॅटमधल्या दोन मुलांनी त्याची पत्रं जाहिरात समजून टाकून दिली. वर्षाने मागची सगळी थकबाकी दंडासकट दारात. "मोबाइलने भाषांतर होतं की" म्हणाल, तर होतं. पण आधी पत्र महत्त्वाचं आहे हे कळायला हवं ना!

व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो वेगळ्या खात्यात अडकवून ठेवावे लागतात. आपली माणसं त्यासाठी एफडी मोडतात, कर्ज काढतात, कुरकुर करत नाहीत. आणि त्याच घरात जर्मनच्या क्लासची फी मात्र जास्तीची वाटते. हे गणित मला कधी समजलेलं नाही.

आता माझा पहिला जानेवारी. खोलीतला हीटर गार. शेजारच्या मुलीचाही गारच. तिने इमारतीची देखभाल बघणाऱ्या गृहस्थांना (तिथे त्यांना हाउसमाइस्टर म्हणतात) तीन ईमेल लिहिले होते, अगदी सभ्य इंग्रजीत. उत्तर नाही. मी खाली गेले आणि म्हटलं, "हाइत्सुंग कापुट. झेअर काल्ट." हीटर बिघडलाय, फार थंडी. क्रियापद नाही, काही नाही. ते हसले, खिशातून एक छोटी चावी काढली, वर आले, हीटरमध्ये अडकलेली हवा सोडली. दहा मिनिटांत दोन्ही खोल्या गरम. त्यानंतर जिन्यात भेटले की थांबून बोलायचे, आणि माझी विभक्ती चुकली की सुधारायचे.

हे गमतीचं झालं. एका रविवारी रात्री मात्र मजल्यावरच्या एका मुलीच्या पोटात भयंकर दुखायला लागलं. दवाखाने बंद. अशा वेळी ११६११७ हा नंबर लावायचा असतो आणि जीवावरचं असेल तर ११२. तिने फोन लावला, पण पलीकडची बाई जर्मनमध्ये विचारत होती, कधीपासून दुखतंय, कुठे दुखतंय, ताप किती. वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी फोन हातात धरून रडत होती. मी फोन घेतला, "कालपासून, उजवीकडे, खाली" एवढं सांगितलं, बाकी हातवारे. (फोनवर हातवारे, हो!) अपेंडिक्स निघालं, त्याच रात्री ऑपरेशन झालं. डॉक्टर उत्तम इंग्रजी बोलत होते. पण डॉक्टरपर्यंत पोचायलाच जर्मन लागलं.

माझं जर्मन मोठं ग्रेट आहे असं नाही. ए-टू करून गेले होते, इतकंच. तिथल्या पुण्याच्या मुलांनी माझ्याहून वरची परीक्षा दिली होती, तरी बेकरीत ती इंग्रजीत ब्रेड मागायची. "चुकलं तर कसं दिसेल?" मला हे कोडंच वाटायचं. मग लक्षात आलं, आम्ही बडोद्याची माणसं जन्मापासून चुकीचं बोलत आलोय! माझी आजी खंडेराव मार्केटात जी गुजराती बोलायची ती ऐकून भाजीवाला हसायचा, पण भाव कमी करायचा. माझं मराठी ऐकून पुण्याची मुलं हसतात, माझं गुजराती ऐकून शाळेतल्या मैत्रिणी हसायच्या. हसतात तर हसोत, काम होतं ना? बेळगावच्या मराठी पोराला कन्नडचं, हैदराबादच्याला तेलुगू-दखनीचं हेच असणार. दुसऱ्याच्या भाषेत लाज न बाळगता शिरायचं, ही आपल्याकडची पिढीजात कमाई आहे. ती आपण आयईएल्टीएसच्या गुणपत्रिकेखाली का दाबून टाकतो?

सयाजीराव महाराज १८७५ मध्ये कवळाण्याहून बडोद्याला आले तेव्हा बारा वर्षांचे होते. शिक्षण खऱ्या अर्थाने तिथून सुरू झालं, आणि मराठीबरोबर गुजराती, उर्दू, इंग्रजी असं सगळं शिकले. राजाला दुभाषे ठेवता आले नसते का?

"अभ्यास इतका असतो, तिथे जाऊन भाषेला वेळ कुठे?" हे मात्र अगदी खरं. तिथे गेल्यावर वेळ मिळत नाही. म्हणूनच व्हिसाची वाट बघत घरी बसलेले महिने वापरा. आणि मराठी पुसली जाईल ही भीती नको. आमच्या घरात पाच पिढ्या गुजरातीत व्यवहार करूनही आरती मराठीतच होते, भांडण तर मराठीशिवाय होतच नाही.

इंदूरची माझी मावसबहीण या ऑक्टोबरला निघतेय. मावशीची सामानाची यादी आली आहे: छोटा कुकर, थालीपिठाची भाजणी दोन किलो, गोडा मसाला, साजूक तूप, पेढे. तूप आणि पेढे काढायला सांगितलेत, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे. त्या वजनात जर्मनचं पुस्तक बसतं. मावशी अजून माझ्यावर चिडलेली आहे, पण पोरीचा क्लास सोमवारपासून सुरू झालाय.