इंग्रजीचे कलम मराठीच्या खुंटावर

शेतीखात्याच्या माणसाने शाळेच्या विषयात नाक का खुपसावे, असे आपण म्हणाल. बरोबर आहे. पण एक प्रसंग सांगतो, मग ठरवा.

मोहोराच्या दिवसांत एका वाडीत गेलो होतो. तुडतुडा वाढला होता, पंप भरायची तयारी चालली होती. म्हाताऱ्या बागायतदाराने औषधाचा डबा नातवाच्या पुढे धरला. "बाळा, काय लिवलंय बघ जरा." नातू सहावीत. त्याने लाल अक्षरे एकेक करून नीट वाचली, पी, ओ, आय, एस, ओ, एन. शब्दही बरोबर उच्चारला, पॉयझन. "म्हणजे काय रे?" मुलगा गप्प. सहा वर्षे इंग्रजी शिकलेल्या मुलाला स्पेलिंग आले, पण डब्यात विष आहे हे कळले नाही. त्या दिवसापासून हा विषय मला शेतीचाच वाटू लागला.

डब्यासोबतचे माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही असावे असा नियम आहे. पण अक्षर मुंगीएवढे, आणि ते पत्रक बहुतेक वेळा दुकानातच राहते. शिवाय आपला माल बाहेर जातो तेव्हा कागद इंग्रजीतच येतो. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंबा थांबवला होता, तो २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. अशा वेळी नियम काय, औषधाचा अंश किती चालतो, फवारणीनंतर किती दिवस थांबायचे, हे ज्याला वाचता येते तो दलालाच्या तोंडाकडे बघत बसत नाही.

इंग्रजीचे महत्त्व रत्नागिरीला नवे नाही. "वाघिणीचे दूध" हा शब्दप्रयोग ज्यांच्या नावाने सांगतात ते विष्णुशास्त्री चिपळूणकर इथल्याच सरकारी शाळेत शिक्षक होते. नोकरी सोडून त्यांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि त्यांना साथ दिली ती रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी. आपल्या राज्यातल्या मराठी शाळांत पूर्वी पाचवीपासून इंग्रजी असे, २००० सालापासून ते पहिलीपासून आहे. म्हणजे विषय आला, पुस्तक आले. अडते कुठे? मूल इंग्रजी वहीत उतरवते, पण तोंडात आणि कामात वापरत नाही.

खुंट जिवंत हवा

कोय कलम कसे करतो? खुंट रायवळचा, काडी हापूसची. खुंट मेला तर हापूसची काडी कितीही चांगली असो, ती वाळणारच. मुलाचा खुंट मराठी आहे. घरात, वाडीत, शेतात जे त्याला पक्के ठाऊक आहे त्यावरच इंग्रजीची काडी बसते. गाडीभाडे भरून मुलाला दूरच्या इंग्रजी शाळेत घातले आणि घरी कोणाला त्याचा अभ्यास समजत नाही, तर कधी कधी ना हे ना ते, अशी गत होते. दुसरीकडे पट कमी होत होत गावची शाळा मोडकळीला येते. गावच्या शाळेतले इंग्रजी सुधारले तर दोन्ही नुकसाने टळतील.

त्यासाठी संगणक लागत नाही, महागडे तक्ते लागत नाहीत. खडू, अंगण आणि पंधरा मिनिटे पुरतात. काही खेळ सांगतो.

पहिला, हुकमाचा खेळ. गुरुजी म्हणतात, "स्टँड अप," "टच द वॉल," "क्लोज द डोअर." मुलांनी बोलायचे नाही, फक्त करायचे. अमेरिकेतल्या जेम्स अ‍ॅशर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ही रीत मांडली. तान्हे मूल आधी वर्षभर ऐकते, मग बोलते, हे त्यामागचे साधे तत्त्व. आठवडाभराने हुकूम मुलांनी द्यायचे आणि गुरुजींनी पाळायचे. मग बघा वर्ग कसा हसतो!

दुसरा, भेंड्या. गाण्याच्या भेंड्या आपण खेळतोच, इथे शब्दांच्या. 'मँगो'चे शेवटचे अक्षर ओ, त्यावरून 'ऑरेंज', पुढे ईवरून 'एग', जीवरून 'गोट', टीवरून 'ट्री'. अडला त्याला बाजूच्याने मदत करायची, बाद करायचे नाही.

तिसरा, खरे-खोटे. एक भिंत 'यस'ची, एक 'नो'ची. "कोकोनट इज अ फ्रूट." "अ काऊ हॅज टू लेग्ज." ऐकायचे आणि त्या भिंतीकडे धावायचे. धावण्यात चूक झाली तरी कोणी लाजत नाही.

चौथा, पिशवी. कापडी पिशवीत करवंटी, सुपारी, काजूबी, आंब्याची कोय. एकाने हात घालून चाचपायचे, बाकीच्यांनी विचारायचे, "इज इट बिग?" "इज इट राउंड?" उत्तर फक्त हो किंवा नाही.

पाचवा, बाजार. पाने-फुले मांडून दुकान लावायचे. "हाऊ मच?" "टेन रुपीज अ डझन." "टू डझन, प्लीज." इंग्रजीबरोबर हिशेबही होतो.

सहावा आमच्या खात्याच्या कामाचा, वेष्टन-वाचन. बिस्किटाचा, चहाचा, साबणाचा रिकामा पुडा आणायचा. त्यावरची तारीख, वजन, किंमत इंग्रजीत शोधायची. मात्र औषधाचा डबा, बाटली किंवा रिकामी पुडीसुद्धा शाळेत आणायची नाही, मुलांच्या हातात द्यायची नाही. त्याऐवजी फळ्यावर खडूने चौकोन काढून त्याचे रंगीत त्रिकोण शिकवावेत. लाल म्हणजे अतिजहाल विष, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा त्या मानाने सौम्य. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. सोबत तीन शब्द, 'पॉयझन', 'डेंजर', 'कॉशन'. हे मुलाने घरी सांगितले तर बापसुद्धा शिकेल.

मुलांची पाटी कोरी नसते, बरं का. पंप, पाईप, मोटर, क्रेट, बिल, रेट हे शब्द ती घरूनच घेऊन येतात. आणि देणेघेणे दोन्हीकडचे आहे. 'मँगो', 'जॅकफ्रूट', 'कॉयर' हे इंग्रजांचे शब्द मल्याळी मुलखातून पोर्तुगीजांच्या तोंडून गेलेले. आपला हापूसही आल्फान्सोचा झालेला आहे. हे सांगितले की मुलांना इंग्रजी परकी वाटत नाही. बागेतल्या नेपाळी राखणदाराचे मूल वर्गात असेल तर त्याला इंग्रजी ही तिसरी-चौथी भाषा. अशा खेळात ते सर्वांच्या बरोबरीने उभे राहते.

आपण काय करायचे

खेळाने सगळे होईल असे मी म्हणत नाही. वाचन, लेखन, पाठांतर हवेच. दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे, वर निवडणूक आणि जनगणनेची कामे, ही अडचणही खरी आहे. म्हणूनच तयारी न लागणारे खेळ सुचवले. भात लावणीला जसे एकमेकांच्या शेतावर जातो तसे इथेही जावे लागेल.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना विनंती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक गावच्या शाळेत व्यवस्थापन समिती ठेवली आहे आणि तिच्यात तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. ही समिती नुसती सहीपुरती ठेवू नका. महिन्यातून एकदा अर्धा तास वर्गात बसा, खेळात भाग घ्या. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत भाषणांऐवजी मुलांचा इंग्रजी बाजार लावा. गावाला कळेल शाळेत काय चालते ते.

आणि पालकांनो, संध्याकाळी मुलाला "स्पेलिंग सांग" म्हणून दरडावू नका. "आज काय खेळलात, मला शिकव" असे म्हणा. चुकले तर हसू नका. कलम बांधल्यावर रोज उपटून मूळ फुटले का ते कोणी बघत नाही. पाणी घालतो, सावली धरतो आणि थांबतो.

पुढच्या मोहोराला पंप भरायच्या आधी आपल्या वाडीतले मूल डब्याकडे लांबूनच बघून म्हणाले, "आजोबा, लाल त्रिकोण आहे, हातमोजे घाला," तर त्या शाळेचे इंग्रजी पास झाले असे मी समजेन.