अटक ते कटक म्हणता, मग कटकातलं एक नाव सांगा

'अटकेपासून कटकेपर्यंत' हे शब्द भाषणात आले की टाळ्या ठरलेल्या. नागपूरकर भोसल्यांचा ओडिशावर १७५१ ते १८०३ अंमल होता, अर्धं शतक आपण तिथून वसुली केली. त्या कटकातल्या एका कवीचं, एका नाटककाराचं नाव सांगा, असं मी गेली काही वर्षं भेटेल त्या नाट्यप्रेमी माणसाला विचारतो आहे. बादल सरकार सांगतात, गिरीश कार्नाड सांगतात, मोहन राकेश सांगतात. कटकचं नाव एकालाही येत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका ओडिसी नृत्याच्या कार्यक्रमाला गेलो होतो. सभागृह गच्च भरलेलं. नर्तिकेच्या कमरेला चांदीचा पट्टा, मर्दळ असा लागलेला की पहिल्या थापेला अंगावर काटा यावा. आणि मग निवेदन सुरू झालं. कोणार्कची शिल्पं, पुरीचं मंदिर, दोन हजार वर्षांची अखंड परंपरा. मंदिरातून निघून नृत्य जणू थेट या सभागृहातच उतरलं होतं. मध्यंतरात चहाच्या रांगेत मी आयोजकांपैकी एकाला विचारलं, "कालिचरण पट्टनायकांचं नाव कुठे आलं नाही?" ते म्हणाले, "कोण? आज गायला बसलेत ते का?"

ज्या माणसाने या नृत्याला 'ओडिसी' हे नाव दिलं असं खुद्द ओडिशात मानलं जातं, त्याच्याबद्दल हा प्रश्न.

कालिचरण पट्टनायक जन्मले १८९८ साली, बडंबा संस्थानात. लोक त्यांना 'कविचंद्र' म्हणत. रासलीला आणि गीतिनाट्यांपासून सुरुवात केलेल्या या माणसाने १९३९ मध्ये कटकला 'ओरिसा थिएटर्स' ही कंपनी काढली आणि दशकभर ती चालवली. कंपनी म्हणजे आपल्याकडे कंपनी म्हणत तशीच कंपनी. तिकीट काढून बघायचं नाटक. लिहायचं त्यांनी, पदं त्यांची, तालीम त्यांची आणि रात्री खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर झळही त्यांनाच.

चाळीसच्या दशकात त्यांनी जे नाटक रंगभूमीवर आणलं त्याचं नाव 'भात'. भाषांतर करायची गरजच नाही. ओडियातला भात आणि आपला भात एकच. १९४३ च्या दुष्काळात बंगालबरोबर ओडिशाच्या किनाऱ्यावरही माणसं अन्नाविना मेली. त्या काळात राजेराण्या आणि देवदेवता बाजूला सारून जमीनदार आणि त्याच्या हाताखाली पिचलेला शेतकरी यांना धंदेवाईक रंगमंचावर उभं करायचं, तेही तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकासमोर, याला छाती लागते. 'गर्ल्स स्कूल', 'रक्तमाटी' ही त्यांच्या आणखी नाटकांची नावं वाचा. कोणत्या प्रश्नांना हा माणूस हात घालत होता ते नावांवरूनच कळतं.

मग हे सगळं नृत्याच्या इतिहासातून गेलं कुठे? माझं उत्तर स्पष्ट आहे. ते काढून टाकलं गेलं. पन्नासच्या दशकात ओडिसीला 'शास्त्रीय' म्हणून मान्यता मिळवायची होती. दिल्लीच्या दरबारात देऊळ चालत होतं, शिल्प चालत होतं, ताडपत्रावरची पोथी चालत होती. तिकीटबारी चालत नव्हती. १९५८ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय नृत्य परिसंवादात ओडिसीची बाजू मांडायला उभे राहिले तेही कालिचरणबाबूच. त्यांनीही शास्त्राचेच पुरावे दिले, कारण समोरच्यांना दुसरी भाषा कळत नव्हती. त्यांचा मला राग नाही. राग आहे तो त्यांच्यानंतर साठ-पासष्ट वर्षं तेच अर्धं निवेदन घोकणाऱ्यांचा.

कारण उरलेलं अर्धं कटकच्या नाटकगृहांत घडलं. 'अन्नपूर्णा थिएटर'च्या रंगमंचावर पंकजचरण दासांनी 'मोहिनी भस्मासुर' बसवलं. मोहिनी झाल्या लक्ष्मीप्रिया, शंकर झाले केलुचरण महापात्र आणि भस्मासुर झाले स्वतः पंकजचरण. पंकजचरण माहारींच्या, म्हणजे जगन्नाथाच्या देवदासींच्या घरात वाढलेले. केलुचरण रघुराजपूरचे, मुलींच्या वेषात नाचणाऱ्या गोटिपुआ मुलांच्या परंपरेतले. देवळातलं नृत्य आणि गावातलं नृत्य एकमेकांना भेटलं ते नाटकाच्या विंगेत, पेट्रोमॅक्स आणि रंगाच्या वासात. ज्यांच्या नावाने आज मुंबई-पुण्यात वर्ग चालतात ते गुरू नाटक कंपनीच्या पगारावर जगलेले आहेत. यात लाज वाटावी असं काय आहे?

निदान मराठी माणसाने तरी ही लाज बाळगू नये. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि त्याच वर्षी ओडियात रामशंकर रायांचं 'कांचीकावेरी' आलं. नाट्यसंगीत थेट देवळातल्या कीर्तनातून मैफलीत आलं, मध्ये किर्लोस्कर नव्हते, बालगंधर्व नव्हते, 'स्वयंवर'ला चाली देणारे भास्करबुवा नव्हते, असं कुणी आपल्यासमोर माईकवर बोललं तर आपण त्याला खाली बसवू. मग ओडिशाच्या बाबतीत तेच ऐकून टाळ्या का वाजवतो? दुसऱ्याच्या घरातली माणसं खोडली गेली की आपल्याला ती परंपरेची शुद्धता वाटते, हा कोडगेपणा आहे.

आणि ओडिया परकी भाषा आहे ही सबब मला सांगू नका. कालिचरणबाबूंच्या आत्मचरित्राचं नाव आहे 'कुंभार चक'. कुंभाराचं चाक. १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. ज्या भाषेतली पुस्तकांची नावं कोशाविना कळतात त्या भाषेतलं एखादं नाटक करायला आपल्या हौशी आणि प्रायोगिक संस्थांना अडचण कसली आहे? राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी त्याच त्या संहिता फिरतात. 'भात' हातात घ्या. आपल्या भातशेतीच्या कोकणात, भंडारा-गोंदियात ते समजावून सांगावं लागणार नाही.

नृत्याचे वर्ग चालवणाऱ्यांना एकच विनंती आहे. पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत प्रायोजकांची नावं छापाल, मेकअपवाल्याचं छापाल, तिथेच एक ओळ वाढवा: कविचंद्र कालिचरण पट्टनायक, ओरिसा थिएटर्स, कटक, १९३९. आणि माईकवर 'दोन हजार वर्षं' म्हणण्याआधी ती ओळ मोठ्याने वाचा.