धवलारिणीचा अधिकार

धर्म संस्कृतीला आकार देतो, हे विधान इतके सर्वमान्य आहे की तो आकार नेमका कोणत्या वाटेने येतो, याची चौकशी सहसा होत नाही. धर्म या शब्दाने येथे ग्रंथातील सिद्धान्तांबरोबरच श्रद्धा, विधी आणि त्यांतून माणसावर येणारी कर्तव्ये, हे सारे अभिप्रेत आहे. वादपद्धतीत पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावा लागतो आणि मग उत्तरपक्ष, म्हणजे त्याचे उत्तर, सांगायचा असतो. या प्रश्नात मात्र एकमेकांच्या विरोधात जाणारे दोन पूर्वपक्ष उभे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत.

पहिला पक्ष ग्रंथवाद्यांचा. त्यांच्या मते आधी शास्त्र, मग तत्त्वज्ञान, त्यातून कला आणि शेवटी लोकाचार अशी ही उतरंड आहे. याच्या पुष्ट्यर्थ अंबरनाथचे शिवालय दाखवता येते. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख असलेले, शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातील हे मंदिर भूमिज शैलीचे आहे. या शैलीत मुख्य शिखराच्या अंगावर त्याच्याच लहान प्रतिकृतींच्या रांगा रचलेल्या असतात, आणि अशी रचना शिल्पशास्त्राच्या नियमांवाचून उभी राहत नाही. एवढे मान्यच केले पाहिजे.

परंतु अंबरनाथच्याच रेल्वेमार्गावर मुंबईच्या दिशेने थोडे अलीकडे, खाडीलगतच्या कोपर गावात आले की ही उतरंड टिकत नाही. दिवा-वसई मार्गाने डोक्यावरून ओलांडलेल्या या स्थानकाभोवती आज इमारती दाटल्या असल्या, तरी या पट्ट्याची मूळ वस्ती मीठ, भात आणि मासळी यांवर जगलेल्या आगरी समाजाची आहे. या समाजाच्या लग्नात धवला, म्हणजे विधीच्या प्रत्येक टप्प्याला जोडलेले दीर्घ गीत, गाणारी धवलारीण असते. मांडव, हळद, देवांना आवतण, या साऱ्यांचा क्रम ती गात गात चालवते, आणि कित्येक घरांत तिच्या गाण्यावाचून विधी पुढे सरकत नसे. ती स्त्री आहे, तिच्या हाती पोथी नाही, तिचे ज्ञान दुसऱ्या वयस्क स्त्रीच्या मुखातून आलेले आहे. तरीही तिच्या अधिकाराबद्दल मांडवात कोणी शंका घेत नाही. शास्त्रातून लोकाचार झिरपतो असे म्हणणाऱ्यांनी हा अधिकार कोणत्या ग्रंथातून झिरपला ते सांगितले पाहिजे.

दुसरा पक्ष भौतिकवाद्यांचा, आणि तो अधिक तोलामोलाचा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1962 साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात मातृदेवतांची ठाणी, प्राचीन व्यापारी वाटा आणि बौद्ध लेणी यांचा संबंध दाखवून दिला. कार्ल्याची एकवीरा, जी आगरी आणि कोळी घरांची कुलदेवता आहे, तिचे देऊळ बौद्ध चैत्याच्या अगदी दारात आहे, याचा उलगडा कोकणातून घाटावर चढणाऱ्या वाटेने होतो. कोसंबींचे हे ऋण नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. मात्र त्यांच्या नावावर पुढे जे सांगितले जाते, की धर्म हे केवळ आर्थिक व्यवहारावरचे पांघरूण आहे, ते त्यांच्याच पुराव्याने सिद्ध होत नाही. देवता कुठे वसली हे वाट सांगते. पण कार्ल्याच्या शिलालेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आणि धेनुकाकटचा एक सुतार यांनी आपापले दान कोरून ठेवावे, तिथल्या चैत्याच्या पाषाणाच्या कमानीला लाकडी फासळ्या बसवाव्यात, आणि शतकांनंतर त्याच डोंगरावर चैत्रात पालख्या चढाव्यात, याचे कारण केवळ व्यापारात सापडत नाही. नफ्याचा हिशेब माणसाला वाटेवर आणतो, पण डोंगर चढून दगड कोरायला लावत नाही.

तेव्हा उत्तरपक्षाचे मंडन असे की, धर्म संस्कृती घडवतो तो कर्तव्याच्या द्वारे. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक माणसाने स्वतःच्या हाताने वा गळ्याने काही केलेच पाहिजे, हे बंधन आले की त्या कृतीचे कौशल्य निर्माण होते, कौशल्यातून कला येते, आणि त्या कृतीचा अर्थ विचारला जाऊ लागला की तत्त्वज्ञान. कीर्तन ऐकवायचे म्हणून अभंग रचले गेले आणि अद्वैताची चर्चा मराठीत उतरली, हे याच न्यायाने झाले.

या मंडनावर एक गंभीर आक्षेप येतो व तो टाळू नये. जे बंधन कला देते तेच माणसांना बाहेरही ठेवते. हळद लावण्याचा मान सुवासिनींचा असतो, आणि विधवेने मांडवात मागे राहावे, हा क्रूर नियमही त्याच कर्तव्याचा भाग म्हणून पाळला गेला आहे. आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तरही कर्तव्यातच मिळालेले दिसते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेबरोबर अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या, आणि त्यांतील बऱ्याचशा काय करायचे व काय करायचे नाही हे सांगणाऱ्या आहेत. जुनी कर्तव्ये मोडून नवी स्वीकारल्याबरोबर लग्नाचा विधी बदलला, वंदना आली, विहारे उभी राहिली, आणि वामनदादा कर्डकांसारख्या शाहिरांच्या गीतांना एक संपूर्ण समाज श्रोता म्हणून लाभला. अन्यायी बंधन काढून टाकल्याने संस्कृती ओस पडते, ही भीती या उदाहरणाने निराधार ठरते.

संस्कृतीच्या ऱ्हासाचे खरे कारण निराळे आहे. आज ठाणे-कल्याणच्या आगरी घरांत श्रद्धा कमी झालेली नाही. एकवीरेची वारी चालते आणि हळदी पूर्वीपेक्षा अधिक थाटात होतात. कमी झाले आहे ते स्वतः गाण्याचे कर्तव्य, कारण हळदीच्या रात्री ते भाड्याच्या ध्वनिक्षेपकावर सोपवले जाते. ज्या घरात दैवत आहे, मांडव आहे, खर्च आहे, पण गाणारा गळा नाही, त्या घरात धवल्याचे शब्द एका पिढीत नाहीसे होतात, आणि त्यांच्याबरोबर विधीचा क्रमही जातो. धर्मरक्षणाच्या नावाने मिरवणुकांवर होणाऱ्या खर्चाचा अल्प भाग जरी कोपर-आयऱ्यापासून उरणपर्यंतच्या वयस्क धवलारिणींकडे वळला, त्यांना शिकवण्याचे मानधन मिळाले, त्यांचे धवले विधींच्या क्रमासह ध्वनिमुद्रित झाले आणि त्या शिकवणीत विधवांनाही मानाने बसवले, तर या घरांतल्या मुली आपल्याच लग्नातले धवले पुन्हा स्वतः गाऊ शकतील.