मिशनरीणबाईंचं नाव काय होतं?

धुळ्याच्या शिबिरात रात्रीच्या गप्पांत मिशनरी जोडप्यांचा विषय निघाला. नवापूरकडची एक नवी कार्यकर्ती होती, तिचा जन्म चिंचपाड्याच्या ख्रिस्ती दवाखान्यातला. ती म्हणाली, "ताई, ना भाषा, ना ओळखीचं अन्न, वर आपला मे महिना. कसं जुळवून घेतलं असेल हो त्यांनी इथं?" कोपऱ्यात गोधडी पांघरून बसलेल्या साक्रीच्या आजी म्हणाल्या, "मी तेराव्या वर्षी सासरी आले तेव्हा मला नाही कोणी विचारलं हे." सगळ्या हसल्या. मला मात्र त्या रात्री लवकर झोप लागली नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही मंडळी खानदेशात येऊ लागली. शिकागोत १८९० साली निघालेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक नवापूरच्या बाजूला आले, स्वीडनचे नंदुरबार-धुळ्याकडे. शेजारच्या वऱ्हाडात अकोल्याला दुसऱ्या एका अमेरिकन मिशनने आधीच ठाण मांडलेलं होतं. धर्मांतराच्या वादात मी इथे शिरत नाही, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला बोलायचं आहे ते 'जोडपं' या शब्दाबद्दल. जोडपं म्हटलं की दोघांनी सारखंच सोसलं, सारखंच काम केलं असं वाटतं. खरंच तसं होतं का?

मिशनरी उन्हाळ्यात महाबळेश्वरला मराठीचे वर्ग करत, परीक्षा देत. ते पुस्तकी मराठी कचेरीत चालायचं, मास्तरांशी, मामलेदाराशी बोलायला पुरायचं. पण बाईचं काम बायकांत. आणि खानदेशातल्या बायका चुलीपाशी अहिराणी बोलतात, डोंगराच्या बाजूला भिली नाहीतर मावची. म्हणजे परीक्षा पास झालेल्या बाईला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यात घर सांभाळायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याचं खाणं-पिणं बघायचं, औषधाची पेटी घेऊन बाळंतिणीकडे जायचं, मुलींना अक्षरं आणि शिवण शिकवायचं. मुलं जरा मोठी झाली की त्यांना शाळेसाठी दूर डोंगरावर पाठवायचं. कोडाईकनालची शाळा १९०१ साली मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच निघाली. खानदेशातून तिथे जायचं तर रेल्वेचा काही दिवसांचा प्रवास. मूल वर्षातले बरेच महिने आईपासून लांब. हा त्याग बापाचाही होताच, पण घरातलं रिकामं झालेलं अंथरूण रोज आवरायचं कोणी?

एवढं करून कागदावर ती कोण? महाराष्ट्रात सगळ्यांत आधी आलेल्या अमेरिकन मिशनच्या याद्यांत सुरुवातीच्या काळात बायकांचा दर्जा 'सहाय्यक मिशनरी' असा. नवरा मिशनरी, ती त्याची मदतनीस. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या नेमणुकीवर यायचं तर अविवाहित असावं लागे. सिंथिया फरार तशा १८२७ साली मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. सावित्रीबाई फुल्यांनी त्यांच्याकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं असं सांगतात. म्हणून फरारबाई आज आपल्याला नावाने ठाऊक आहेत. किती विवाहित बायका अशा ठाऊक आहेत?

अकोल्याच्या बाईंचं उदाहरण मला फार बोचतं. १९०० साली 'द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहूड' हे पुस्तक निघालं. भारतीय स्त्रियांवर होणारे अन्याय हा विषय. बालविवाह, विधवांची स्थिती, मुरळ्या, देवदासी, रखमाबाईंचा खटला, सगळं त्यात आहे. प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. आणि लेखिका कोण? मुखपृष्ठावर छापलंय 'मिसेस मार्कस बी. फुलर'. बाईंचं नाव जेनी. आमच्याकडच्या बायकांना नवऱ्याच्या नावाखाली कसं पुसलं जातं हे तळमळीने सांगणाऱ्या बाईला स्वतःचं नाव छापावंसं वाटलं नाही, किंवा वाटूनही छापता आलं नाही. पुस्तकात कीव पुष्कळ आहे, आणि ती परक्याची कीव आहे. ते खटकतं. तरीही तिच्यावर हसण्याआधी मला माझीच आठवण होते.

मी पुण्याची. लग्नानंतर आम्ही दोघं शहाद्याच्या भागात गेलो. तेव्हा तो तालुका धुळे जिल्ह्यातच होता, नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. १९७२ साली तिथे श्रमिक संघटना उभी राहिली होती, अंबरसिंग महाराजांचं नाव घरोघर होतं. आदिवासी बायकांनी दारूचे गुत्ते फोडले होते, मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारला होता. ते ऐकूनच शहरातली आमच्यासारखी तरुण पोरं-पोरी तिकडे ओढली गेली. आम्ही देवाचं नाव घेत नव्हतो, लाल झेंड्याचं घेत होतो. पण आमच्या खोलीत पहाटे चार वाजता मोर्चाहून पाच जण यायचे आणि भाकरी मी थापायचे. दादरची भाकरी मला येत नव्हती, थापताना तुटायची. त्यावर चेष्टा व्हायची. कॉम्रेडची भाषा सुधारली की कौतुक, माझी भाकरी सुधारली की तो नियमच. एका अहवालात आमचा उल्लेख 'अमुक आणि त्यांची पत्नी' असा आला. त्या वर्षी निम्म्या सभा मी घेतल्या होत्या.

मी भांडले. पुढच्या अहवालात नाव आलं. एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर मी हे लिहायला बसलेच नसते.

मिशनच्या बंगल्यात आया होती, पाणी भरणारी होती, शेण-सारवणाची होती, गावोगाव बायबल वाचून दाखवणाऱ्या देशी बाया होत्या. मडमेला अहिराणी शिकवली ती त्यांनी. उलट्याचं मूल कसं सांभाळायचं, कोणत्या घरात पाणी मागायचं आणि कोणत्या नाही, हेही त्यांनीच सांगितलं असणार. जोडप्याने परक्या मुलखाशी जुळवून घेतलं असं आपण म्हणतो, तेव्हा त्या जुळवण्यातलं निम्मं काम या बायांनी केलेलं असतं. त्यांच्यातली एखादी 'स्मृतिचित्रे' लिहायला बसली असती तर? लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिलं म्हणून मिशनच्या आवारात शिरणाऱ्या मराठी बाईचं मन आपल्याला कळलं. पाणी भरणारीचं कळलेलं नाही.

आता आपल्या संघटनांचे इतिहास लिहिले जाताहेत. पंचवीस वर्षं, चाळीस वर्षं, स्मरणिका, मुलाखती. मलाही अशाच एका स्मरणिकेसाठी लेख मागितला होता. मी सभा लिहिल्या, अटक लिहिली, तुरुंगातली रात्र लिहिली. मग वाटलं, या सगळ्या दिवसांत माझी मुलगी कुठे होती? ती शेजारच्या भिल्ल कुटुंबात होती. दोन वर्षं तिला त्या घरातल्या बाईने जेवू घातलं, तापात मांडीवर घेऊन बसली. मुलीच्या तोंडी पहिले शब्द भिलीतले आले, त्याचं मला तेव्हा कौतुक वाटायचं. क्रांतीच्या घरातलं मूल म्हणून. तिला आम्ही कधी पैसे दिले नाहीत, द्यायचं सुचलंही नाही. ती आपली, असं म्हणायचो.

लेखात तिचं नाव घालायला बसले तर आठवेना. आम्ही तिला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने, अमक्याची आई म्हणूनच हाक मारायचो. नवऱ्याला विचारलं, त्यालाही आठवेना. लेख अजून दिलेला नाही. पुढच्या महिन्यात शहाद्याला जाते आहे, मुलगीही येणार म्हणतेय.