किती देश केलेत?



मागच्या आठवड्यात मंदिरातून बाहेर पडताना एकीनं विचारलं, "युरोपला जाऊन आलात म्हणे. किती देश केलेत?" मी म्हटलं, "तीन." तिचा चेहराच उतरला. तिच्या जावेनं बारा दिवसांत नऊ केले होते. "मग टिटलिस? व्हेनिस? तेही नाही?" असं म्हणून तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही तिकिटाचे पैसे पाण्यात घातले.

तिथे मी गप्प बसले. पण हा "केले" शब्द काही डोक्यातून जाईना. आपण पापड करतो, पूजा करतो, उपवास करतो. देश कसे करायचे? बसमधून उतरायचं, मनोऱ्यापुढे उभं राहून फोटो काढायचा, स्वच्छतागृहाच्या रांगेत लागायचं आणि परत बसमध्ये. झाला देश. परिग्रह म्हणजे फक्त साड्या आणि सोनं, असं आपल्याला कुणी सांगितलं? नऊ देशांची यादी हाही परिग्रहच, आणि त्याला तर कपाटसुद्धा लागत नाही.

हे मी रागानं लिहिते आहे, आणि त्याला कारण आहे. माझ्या नणंदबाई, वन्सं, तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत अशाच एका "शुद्ध जैन भोजन" टूरला गेल्या होत्या. बरोबर आपला आचारी, कांदा-लसूण-बटाटा काही नाही, सगळी खात्री. वन्संचा रात्रीभोजन त्यागाचा नियम ३१ वर्षांचा. स्वित्झर्लंडहून पॅरिसला निघालेली बस रस्त्यात अडकली आणि मुक्कामाला पोचायला रात्रीचे आठ वाजले. जेवण वाढलं सव्वानऊला. आचाऱ्यानं सगळं अगदी नियमातलं केलं होतं, फक्त सूर्य मावळून पावणेचार तास झाले होते. वन्सं सकाळी अकरानंतर काही खाल्लेलं नव्हतं, वर मधुमेहाची गोळी घेतलेली, हातपाय कापायला लागले. सगळ्यांनी आग्रह केला, त्या जेवल्या. घरी आल्यावर मुनिमहाराजांकडे जाऊन प्रायश्चित्त घेतलं. त्या कुणाला दोष देत नाहीत. मी देते. टूरवाल्याला कमी आणि आपल्याला जास्त, कारण पत्रिका हातात आल्यावर आपण फक्त जेवणाचा रकाना वाचला, सूर्याचा वाचलाच नाही.

युरोपात सूर्य आपल्यासारखा वागत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळं एक तास मागे नेतात. त्यानंतर पॅरिसमध्ये सूर्यास्त होतो साडेपाचच्या सुमारास. डिसेंबरात पाचच्याही आधी. आणि जूनच्या मध्यावर? रात्री दहाला पाच-दहा मिनिटं कमी असताना! लुसर्नला सव्वानऊनंतर. म्हणजे दिवाळीच्या टूरला नियम पाळणं ही रोजची लढाई, आणि जूनमध्ये नियम आपोआप पाळला जातो. सूर्यास्ताआधीच्या दोन घटका सोडल्या तरी वेळ उरतोच. यावर एका मैत्रिणीनं लगेच विचारलं, "मग रात्री नऊला जेवलं तर चालेल की!" अगं, चालेल, पण कशाला? आम्ही सहा-साडेसहाला जेवत होतो आणि जेवून उन्हात फिरायला जात होतो. मे संपता संपता निघावं आणि आषाढात चातुर्मास लागण्याआधी परत यावं, हा काळ आपल्यासाठीच केल्यासारखा आहे. तरी टूरची जाहिरात येते दिवाळीची, आणि आपण नावं नोंदवतो.

बसचं आणखी एक. तिथे ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास थांबावंच लागतं, आणि दिवसात साधारण नऊ तासांवर चालवता येत नाही, असा कायदा आहे. कायदा चांगलाच आहे, त्याचाही जीव आहे. पण बारा दिवसांत नऊ देश बसवले की एका ठिकाणचा उशीर पुढच्या सगळ्या ठिकाणी पसरतो, आणि शेवटी तो येऊन पडतो आपल्या संध्याकाळच्या जेवणावर.

दुसरं टोक आपल्या मुलांचं. मुलगा म्हणाला, "आई, बस नको तर प्रत्येक शहराला विमान घे, तिकीट रेल्वेपेक्षा स्वस्त आहे." बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, पण खर्चाचं पान अजून वाचता येतं. पॅरिस ते ॲमस्टरडॅम विमान हवेत सव्वा तास. त्याआधी शहरातून विमानतळापर्यंत तास, दोन तास आधी हजर, उतरल्यावर बॅगेची वाट, पुन्हा शहरात जायचं. पाच तास सहज गेले. रेल्वे शहराच्या मधून निघते आणि शहराच्या मधेच सोडते, साधारण ३ तास २० मिनिटांत. शिवाय स्वस्त तिकिटात बऱ्याचदा बाकाखाली मावेल एवढीच पिशवी. मोठी बॅग म्हटली की वेगळे पैसे. हातातल्या पिशवीत चटणी-लोणचं ठेवलं तर तेही द्रवातच मोजतात. पैशाचा रकाना दाखवायचा आणि वेळेचा झाकायचा, असा ताळेबंद आमच्या सरांनी परत केला असता.

आणि श्राविका म्हणून एक रकाना माझा वेगळा आहे. तीन गुणव्रतं आपण पाठ म्हणतो: दिग्व्रत, देशव्रत, अनर्थदंडव्रत. जिथे विजेवर चालणारी गाडी तीन तासांत नेते, तिथे केवळ तिकीट स्वस्त म्हणून विमान उडवायचं, हे अनर्थदंडात बसत नाही तर कशात बसतं? मान्य, मुंबईहून जाताना आम्हीही विमानातच बसलो, चालत गेलो नाही. गरज आणि हौस यांतला फरक करा, एवढंच म्हणते. एक अंतर्गत विमान आम्हीही घेतलं, ते पुढे येईलच.

तर आमचं गणित असं. आम्ही दोघं, १४ रात्री, तीनच मुक्काम: पॅरिस पाच, अँटवर्प तीन, लुसर्न सहा. जाताना पॅरिसला उतरायचं, येताना झुरिकहून निघायचं. तिकीट काढताना "मल्टी-सिटी" असा पर्याय असतो, तो निवडला की पहिल्या शहरात परत यायची वणवण वाचते. व्हिसा मागितला स्वित्झर्लंडकडे, कारण सर्वात जास्त रात्री तिथे. पहिलं पाऊल पॅरिसला पडणार असलं तरी. रात्री सारख्या असत्या तर पहिल्या देशाकडे मागावा लागला असता. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. लंडन जोडायचं असेल तर त्याचा व्हिसा निराळा, आणि तेवढ्यासाठी सगळं गणित मोडतं, म्हणून आम्ही सोडलं. युरेल पासही पाहिला. साठीपुढच्यांना त्यात १० टक्के सूट आहे, पण पॅरिस-अँटवर्पसारख्या वेगवान गाड्यांना जागेच्या आरक्षणाचे पैसे वर द्यावे लागतात. तीन मुक्कामांना सुटी तिकिटंच परवडली, मात्र ती खूप आधी काढली म्हणून.

वेळापत्रकाशेजारी मी पंचांग ठेवलं होतं. यांनी हसून घेतलं. पण पॅरिसहून निघायचा दिवस अष्टमीला आणला. त्या दिवशी हिरवं खायचंच नाही, मग प्रवासात भाजी कुठे मिळेल ही चिंताच उरली नाही. दशमी, मेतकूट-भात डब्यात. चतुर्दशी लुसर्नला आली, त्या दिवशी कुठेही गेलो नाही. तळ्याकाठी बाकावर बसून सामायिक केलं. नऊ देशवाल्यांच्या पत्रिकेत असा दिवस कुठे असतो?

अँटवर्प का, असं सगळे विचारतात. पॅरिसच्या गार दु नॉर स्थानकातून रेल्वेनं दोन तास. १९०५ चं तिथलं स्थानक एखाद्या राजवाड्यासारखं आहे, आणि बाहेर पडलं की हिऱ्यांचा बाजार. हिऱ्याच्या व्यापाराला गेलेल्या आपल्या लोकांनी शहराबाहेर विलरेइक इथे संगमरवरी मंदिर बांधलंय, २०१० सालचं. मंदिर श्वेतांबर, आम्ही दिगंबर, पण णमोकार काही दोन नाहीत. आठ दिवसांनी मूर्तीपुढे हात जोडल्यावर यांचे डोळे भरून आले. परतताना स्थानकावर आपल्याकडच्या एका टूरची मंडळी भेटली. त्यांना मंदिर आहे हे माहीतच नव्हतं, आणि पंधरा मिनिटांत बस सुटणार होती.

अँटवर्पहून लुसर्नला मात्र विमान घेतलं. रेल्वेनं जायचं तर पुन्हा पॅरिस, तिथे बॅगा घेऊन एका स्थानकातून दुसऱ्या स्थानकात, मग झुरिकची चार तासांची गाडी आणि तिथून पुढे लुसर्न. माझ्या गुडघ्यांनी नाही म्हटलं. ब्रुसेल्सच्या विमानतळात रेल्वे थेट जाते आणि झुरिकच्या विमानतळावरून लुसर्नला तासाभरात थेट गाडी, म्हणून ते पटलं.

आता जेवण, कारण "तुम्हाला जमलं, आम्हाला नाही जमणार" याचं मूळ तिथेच आहे. तिन्हीकडे स्वयंपाकघर असलेली घरं घेतली. इंडक्शन शेगडीवर आपला ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही, स्टीलचा दोन लिटरचा नेला. तिथली भांडी वापरली नाहीत. पाण्याचं गाळणं बरोबर होतंच. मूगडाळ-तांदूळ गार दु नॉरच्या मागे ला शापेल भागात तमिळ दुकानांत मिळाले. एक गोष्ट टूरवाले सांगत नाहीत: दूध, तूप, खवा यांचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. मी पंधरा दिवस तूपच सोडलं, रसपरित्याग तो रसपरित्याग. विमानात फक्त "शाकाहारी" सांगू नका, जैन जेवणाचं संकेतनाम वेगळं आहे, व्हीजेएमएल, ते आधी नोंदवा. आणि "व्हेज पिझ्झा" म्हणून खुशाल खाणाऱ्यांनो, अस्सल पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनंच बनतं. हे तुमच्या टूरच्या इटलीतल्या दुपारच्या जेवणात कुणी विचारलं होतं का?

रेल्वेत सगळं गोड नाही. फ्रान्समध्ये संप होतात. जर्मनीत तर तीनातली किमान एक लांब पल्ल्याची गाडी उशिरा धावते, म्हणून तिथून जाणारी जोडगाडी आम्ही टाळली. ज्या एकट्या आहेत, ज्यांना बॅग उचलवत नाही, त्यांनी टूरला जरूर जावं, पण जूनमध्ये आणि कमी शहरांच्या. बाकीच्यांनी मला "आम्हा बायकांना काय कळतंय यातलं" असं सांगू नये. पाचशे पानांच्या पंगतीचा शिधा बोटांवर मोजणाऱ्या बायका आपण, तीन तिकिटं आणि तीन घरं ठरवता येणार नाहीत?

वन्सं यंदा मे महिन्याच्या शेवटी निघताहेत, मुलीबरोबर. काल पंचांग आणि वेळापत्रक घेऊन दोघी बसलो होतो. दोन मुक्काम ठरलेत. तिसरा त्यांना व्हेनिस हवा आहे, मी अजून हो म्हटलेलं नाही.